लोण्याचा अधिकृत भाव

वस्तूची किंमत वस्तूत नसते, ती सांगणाऱ्याच्या तोंडात असते, हे अर्थशास्त्राला अजून उमगायचं आहे. जर्मन सीमेजवळच्या ओल्डेनहार गावातल्या काम्पवेग या चौदा घरांच्या गल्लीला मात्र ते निदान तीन पिढ्या माहीत आहे.

गल्लीची शिस्त साधी आहे. कुणी कशाचं कौतुक केलं की आभार मानायचे नाहीत, भाव सांगायचा. "कोट छान आहे गं" याचं उत्तर "बारा युरो, शेवटचा उरला होता, एक बटण नव्हतं" असं असतं. (बटणाचा उल्लेख आवश्यक आहे. नुसतेच बारा युरो सांगितले तर लोक त्याला फुशारकी म्हणतात.) पडदे, चष्मे, सायकली, बागेतल्या खुर्च्या, सगळ्यांना हा नियम लागू आहे. हर्मिनाबाईंचे यजमान गेले तेव्हा चर्चमध्ये कुणीतरी हळूच म्हणालं की शवपेटी फार सुरेख आहे. हर्मिनाबाईंनी डोळे टिपले आणि म्हणाल्या, "दुकानात मांडलेला नमुना होता. झाकणाला ओरखडा आहे, भिंतीकडच्या बाजूला. चारशे कमी." तोवर कोरडे असलेले अनेक जण त्या वाक्याला रडले.

हर्मिनाबाई बहात्तर वर्षांच्या आणि या क्षेत्रात गेली चाळीस वर्षं निर्विवाद पहिल्या. पूर्ण किमतीला त्यांनी आयुष्यात एकच वस्तू घेतली: तापमापक, तोही मुलगा तापानं फणफणला होता म्हणून. त्याबद्दलही त्यांनी पुढे दुकानदाराला पत्र लिहून आपली नाराजी कळवली होती.

दर बुधवारी सकाळी दहा वाजता गल्ली कुणाच्या तरी घरी कॉफीला जमते. विषयांचा क्रम ठरलेला असतो. हवामान, दोन मिनिटं. गुडघे आणि डोळ्यांची ऑपरेशनं, सहा मिनिटं. उरलेला सगळा वेळ भाव. इथे एक बारकावा आहे, जो परक्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. भाव सार्वजनिक असतो, पत्ता खाजगी. किती कमी पैशांत मिळालं हे चौदाही घरांना सांगायचं असतं. कुठे मिळालं हे फक्त आपल्या माणसाला, कानात. कुणी तुम्हाला पत्ता सांगितला की तुम्ही गल्लीचे झालात. तोवर तुम्ही नुसते तिथे राहता.

योरीका तिथे तीन वर्षं नुसती राहत होती.

ती हर्मिनाबाईंची सून. पश्चिमेकडच्या मोठ्या शहरातली, एका विमा कंपनीत आठवड्यातून तीन दिवस प्रोग्रॅम लिहिणारी, स्वभावानं गोड, आणि एकच खोट असलेली: वस्तू लागली की ती जाऊन घेऊन यायची. जी किंमत लिहिली असेल ती देऊन. तिच्या नवऱ्यानं, गेर्विननं, लग्नाआधी ही गोष्ट आईपासून लपवली होती.

ती लपणारी नव्हती. योरीकाच्या घरच्या पहिल्याच कॉफीला हर्मिनाबाईंनी पावावरचं लोणी चाखलं आणि चांगलं आहे म्हणाल्या. योरीकानं मोकळेपणानं सांगितलं, दोन युरो एकोणपन्नास. खोलीत अशी शांतता पसरली की शेजारच्या घरातलं घड्याळ ऐकू आलं. त्या आठवड्यात तेच लोणी, तीच पाव किलोची वडी, एक एकोणनव्वदला मिळत होती, आणि हे तिथे बसलेल्या अकराही जणांना माहीत होतं.

"असू दे," हर्मिनाबाई शेवटी म्हणाल्या. "शहरातल्या माणसांना घाई असते."

मुलगी झाली, फेना, तेव्हा रिवाजाप्रमाणे गल्ली दीड मीटर लांबीचा मनुकांचा पाव फळीवर घालून खांद्यावरून घेऊन आली. प्रत्येकानं बाळाला मांडीवर घेतलं, नाक आईवर गेलंय म्हटलं, आणि पावाचा भाव सांगितला. (नऊ युरो. एक टोक जळलं होतं.) योरीकाला वाटलं, आता तरी. तिनं शेजारच्या विलेमिनला सहज विचारल्यासारखं विचारलं, कुठल्या बेकरीतून आणला?

"अगं, त्या तिकडून," विलेमिन म्हणाली आणि तिनं छताकडे हात केला.

त्या दिवशी बाळाला पाजता पाजता योरीकानं ठरवलं की पत्ते कुणी सांगत नसेल तर ते आपण सगळेच्या सगळे शोधून काढू. माणूस प्रेमात पडल्यावर कविता करतो, तशी ती अशा वेळी ॲप करायची.

ॲपचं नाव तिनं ठेवलं 'पेनिंग', म्हणजे दमडी. व्याप्ती पुढीलप्रमाणे होती: दुकानं चार (निळं, पिवळं, स्टेशनजवळचं आणि सीमेपलीकडचं जर्मन), वस्तू दोनशे बारा, लोण्याचे प्रकार अकरा (पैकी तीन लोणी नसून लोण्यासारखे वाटावेत म्हणून बनवलेले). कामाची वेळ: फेना दुपारी झोपते तेवढी, सरासरी चाळीस मिनिटं, दात येण्याच्या काळात नऊ. संपूर्ण प्रकल्पाला फेनाच्या एकशे छत्तीस झोपा लागल्या. सरकारी प्रकल्पांचं मोजमाप याच एककात झालं असतं तर देश कुठल्या कुठे गेला असता.

सुरुवातीला तिनं गल्लीकडे जुन्या पावत्या मागितल्या. काम्पवेगनं मन मोठं करून चारशेवर पावत्या दिल्या. प्रत्येक पावतीचा वरचा भाग, जिथे दुकानाचं नाव असतं, कात्रीनं नीट कापलेला होता. निवृत्त भूमापक लामर्टनं तर पट्टी लावून कापला होता.

मग ती स्वतः निघाली. पुढे लाकडी खोकं असलेल्या सायकलीत फेनाला बसवायचं, पावसाचं आच्छादन घालायचं आणि चारही दुकानांच्या फळ्यांवरच्या भावपट्ट्यांचे फोटो काढत फिरायचं. पिवळ्या दुकानाचा व्यवस्थापक तिला तपासणी अधिकारी समजला आणि त्यानं घाईघाईनं मुदत संपलेली दह्याची डबी खिशात घातली. फेनाचंही काम चालू होतं. मांसाच्या काउंटरवर लहान मुलांना सॉसेजची एक चकती फुकट देतात, ती तिनं चारही ठिकाणी खाल्ली, आणि निळ्या दुकानात तर आईला दोनदा रांगेत उभं करून. योरीकानं प्रामाणिकपणे ती वस्तू क्रमांक दोनशे तेरा म्हणून नोंदवली. भाव: शून्य. जाडी: जर्मन दुकानात सर्वाधिक.

'पेनिंग' सुरू झालं त्या बुधवारी गल्लीनं योरीकाचं कौतुक केलं. तिनं विचारपूर्वक उत्तर दिलं, "फुकट. झोपेतून वेळ काढून केलं." आयुष्यात पहिल्यांदा तिनं बरोबर उत्तर दिलं होतं, आणि हर्मिनाबाईंनी मान किंचित हलवली. चौदाही घरांनी ॲप घेतलं. पंधरवड्यात गावानं घेतलं.

आता ॲपचं यश आकड्यांत पाहू. पूर्वी बुधवारची कॉफी सरासरी चौऱ्याण्णव मिनिटं चाले. पहिल्या महिन्यात ती एकतीसवर आली, दुसऱ्यात अकरावर. कारण उघड होतं. विलेमिननं "कॉफीचं पाकीट मला..." असं म्हणायला तोंड उघडलं की चार जण एकदम म्हणायचे, "पाच नव्वद, पिवळं दुकान, शनिवारपर्यंत." विलेमिन तोंड मिटायची. हवामान दोन मिनिटं, गुडघे सहा, आणि नंतर तीन मिनिटं सगळे खिडकीबाहेर बघायचे. पूर्वी ज्याच्याकडे एखादा भाव होता तो माणूस होता. आता भाव सगळ्यांकडे होता आणि माणूस कुणीच उरला नव्हता.

याच तीन मिनिटांत तो प्रसंग घडला. हर्मिनाबाईंनी जुन्या चीजचा भाव सांगितला. चाळीस वर्षं त्यांनी भाव सांगितला की गल्ली एक श्वास रोखून मग "नाही हो" म्हणत आली होती. या वेळी लामर्टनं खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर नेला आणि अगदी मवाळपणे म्हणाला, "स्टेशनजवळ दहा सेंट कमी आहे, हर्मिना."

हर्मिनाबाईंनी बिस्किट खाली ठेवलं. अर्धं. तिथल्या कुणीही त्यांना अर्धं बिस्किट ठेवताना पाहिलं नव्हतं.

पुढचे दोन बुधवार त्या आल्या नाहीत. गुडघा दुखतो म्हणाल्या. (हाच गुडघा मागच्या वर्षी अर्ध्या किमतीच्या ट्युलिपच्या कंदांसाठी जाऊन येऊन चव्वेचाळीस किलोमीटर सायकल मारून आला होता.) फेनाला सांभाळायला मात्र त्या नेमानं येत. तिला मांडीवर घेत, गाणं म्हणत आणि योरीकाशी ढगांबद्दल बोलत. योरीकाला ढगांची भीती वाटू लागली. "फेनाचा स्वेटर छान आहे, आई," ती मुद्दाम म्हणाली, कारण तो त्यांनीच आणला होता. हर्मिनाबाई म्हणाल्या, "आवडला ना? झालं तर."

भाव नाही. ओरखडा नाही, बटण नाही. योरीकानं गेर्विनला ऑफिसात फोन केला. गेर्विननं विचारलं, डॉक्टरांना बोलवायचं का.

शनिवारी दोघी निळ्या दुकानात गेल्या. हर्मिनाबाईंनी फळीवरून लोण्याची वडी उचलली, दोन एकोणपन्नासची, आणि टोपलीत टाकली. योरीकाला वाटलं त्यांनी पट्टी वाचली नाही. तिनं हळूच सांगितलं की स्टेशनजवळ एक एकोणनव्वदला आहे.

"माहिती आहे गं," हर्मिनाबाई म्हणाल्या. "सगळ्यांनाच माहिती आहे. मग तिथवर कशाला जायचं?"

आणि त्यांनी पूर्ण किंमत दिली. पावती घेतली नाही.

योरीकाला माणसात यायचं होतं, आणि तिनं केलं काय, तर माणसात घेऊ शकणारी एकमेव बाई मोडून ठेवली. सोमवारी फेना झोपल्यावर तिनं लॅपटॉप उघडला. विमा कंपनीतला माणूस आकड्याशी सहसा खेळत नाही. ते काम कंपनीत वेगळ्या मजल्यावर चालतं. पण तिनं स्टेशनजवळच्या दुकानातल्या लोण्यासमोरचा एक एकोणनव्वद हा आकडा खोडला आणि दोन एकोणसाठ लिहिला. मग झोपलेल्या मुलीच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. दोन्ही कामं तिनं एकाच हातानं आणि एकाच मायेनं केली.

हर्मिनाबाईंच्या फोनमध्ये ॲप होतं. (हवामानाच्या चित्रांमागे, दुसऱ्या पानावर. विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हणून सांगितलं असतं.) मंगळवारी त्या स्टेशनजवळच्या दुकानात गेल्या आणि त्यांना जे दिसलं ते इतर कुणालाही माहीत नव्हतं.

बुधवारी त्या सगळ्यांच्या आधी पोचल्या. गुडघा बरा होता. हवामान झालं, गुडघे झाले. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "लोण्याचं काय दाखवतंय रे लामर्ट, तुझं ते यंत्र?"

"दोन एकोणपन्नास निळ्यात. स्टेशनला दोन एकोणसाठ. महाग झालं."

"हं," हर्मिनाबाई म्हणाल्या आणि पर्समधून एक पावती काढून टेबलावर ठेवली. वरचा भाग कापलेली. एक एकोणनव्वद.

गल्लीनं श्वास रोखला. "नाही हो," विलेमिन म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी कॉफी एकशे बावीस मिनिटं चालली. योरीका किटली घेऊन उभी होती आणि सासूच्या गालावर आलेली लाली बघून तिला वाटलं की इतकं चांगलं काम आपण तीन वर्षांत दुसरं केलं नाही.

तिला वाटलं की ही गोष्ट इथे संपली. पण योरीकानं ॲपमध्ये अचूकतेसाठी एक सोय ठेवली होती: भाव चुकीचा वाटला तर वापरणाऱ्यानं स्वतः दुरुस्त करावा. आणि काम्पवेगवर मूर्ख माणसं राहत नाहीत. लामर्टनं घरी जाऊन विचार केला. संध्याकाळपर्यंत जर्मन दुकानातली अंडी त्याच्या हस्ते साठ सेंटनी महाग झाली. विलेमिननं कॉफीच्या पाकिटाची 'दुरुस्ती' केली. चर्चच्या पाद्रीबाईंनी फक्त एका वस्तूला हात लावला, मेणबत्त्यांना, आणि मगच त्या प्रवचन लिहायला बसल्या. महिनाभरात दोनशे बारापैकी दोनशे नऊ वस्तूंच्या दुरुस्त्या झाल्या. राहिलेल्या तीन म्हणजे लोण्यासारखे वाटणारे ते प्रकार. ते कुणालाच नको होते. सॉसेजची फुकट चकतीदेखील कुणीतरी चाळीस सेंटला नेऊन ठेवली. तिच्यावर कुणाचा डोळा होता हे आजतागायत कळलेलं नाही.

बुधवार पुन्हा बहरले. प्रत्येकाकडे कापलेली पावती होती आणि प्रत्येकजण ॲपपेक्षा स्वस्तात घेऊन आला होता. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रानं ॲपच्या आधारे छापलं की ओल्डेनहार हे प्रांतातलं सर्वांत महाग गाव आहे. गल्लीनं ते कात्रण अभिमानानं चिकटवून ठेवलं. इतक्या महाग गावात इतकं स्वस्त जगणं सोपं नसतं.

ॲप आणखी चार जणांकडे होतं, ते म्हणजे चार दुकानांचे व्यवस्थापक. त्यांना दिसलं की आपण आपल्याच अधिकृत भावापेक्षा कमी भावानं विकतो आहोत, म्हणजे कुठेतरी चूक होते आहे. ते कर्तव्यदक्ष लोक होते. त्यांनी भावपट्ट्या बदलून ॲपशी जुळवून घेतल्या. लोणी खरोखरच दोन एकोणसाठ झालं.

तेव्हा गल्लीला पुन्हा दुरुस्ती करावी लागली. दोन एकोणनव्वद. पंधरा दिवसांनी दुकानं तिथे पोचली. मग तीन एकोणीस. मग तीन एकोणपन्नास. या शर्यतीत दुकानं कायम एक पाऊल मागे असत, त्यामुळे गल्लीला कायम ॲपपेक्षा वीस-तीस सेंट स्वस्त मिळे आणि आनंदात खंड पडला नाही. ग्राहकांच्या एका संघटनेनं सगळ्या देशातली अशी ॲप तपासली, तेव्हा 'पेनिंग'मधले भाव आणि दुकानांतले भाव नव्वद टक्क्यांहून जास्त जुळले. इतकी अचूकता कुठेच नव्हती. योरीकाला लाकडी पाटी आणि फुलांचा गुच्छ मिळाला. (गुच्छ शनिवारी चारनंतर, बाजार उठताना घेतलेला होता. संघटनेचे अध्यक्ष भाव सांगूनच बसले.)

फक्त गेर्विन एक दिवस बँकेचा कागद घेऊन स्वयंपाकघरात आला. किराण्याला महिन्याला एकसष्ट युरो जास्त जात होते. योरीकानं त्याला ॲपचा 'बचत' हा रकाना दाखवला: याच महिन्यात त्यांनी ऐंशी युरो वाचवले होते. गेर्विन कागद आणि फोन शेजारी शेजारी ठेवून उभा राहिला. पण तो कर सल्लागाराच्या कचेरीत काम करणारा माणूस असल्यामुळे त्याला काही आश्चर्य वाटलं नाही.

योरीकाला मात्र झोप लागेना. पाटी भिंतीवर होती आणि तिच्याकडे बघवत नव्हतं. वरचं दूध प्यायला लागलेल्या मुलांच्या आया दुकानात पट्टीसमोर थांबतात, हात पुढे करतात आणि मागे घेतात, हे तिनं दोनदा पाहिलं. पुढच्या मंगळवारी फेना झोपताच तिनं लॅपटॉप उघडला. सुरुवातीला काढलेले सगळे फोटो होते. एक कळ दाबली असती तर दोनशे बारा भाव मूळ आकड्यांवर गेले असते, दुरुस्तीची सोय बंद झाली असती, आणि दुकानांना लाजेकाजेस्तव खाली यावं लागलं असतं. तिचं बोट कळीवर होतं.

तेवढ्यात मागच्या दारानं हर्मिनाबाई आल्या. रेनकोट सिंकवर निथळत टांगला, सुनेच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि पडद्याकडे बघितलं.

"काय करतेस?"

"भाव खरे करतेय, आई."

आत फेना झोपेत काहीतरी पुटपुटली. हर्मिनाबाईंनी दार लोटून घेतलं. मग ओल्या हातानं लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं, इतकं हळू की योरीकाचं बोट त्यातून सहज बाहेर निघालं, आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या.

"लोणी अजून एक एकोणनव्वदला मिळतं," त्या म्हणाल्या. "ॲपमध्ये नाही ते. कुणालाच माहीत नाही. लामर्टलासुद्धा नाही."

मग त्या पुढे झुकल्या आणि त्यांनी योरीकाच्या कानात पत्ता सांगितला. गाव, कालव्यानंतरचं दुसरं वळण, कुठला वार, मागच्या बाजूनं जाऊन कुणाचं नाव घ्यायचं. सगळा पत्ता. सांगून झाल्यावर त्यांनी सुनेच्या कपाळावरची बट मागे केली.

योरीका रडली. तीन वर्षं, दोन महिने आणि एकशे छत्तीस झोपा. मग तिनं डोळे पुसले, फेना उठल्यावर तिला सायकलीच्या खोक्यात बसवलं आणि आच्छादन घालून निघाली. लोण्याच्या सहा वड्या आणल्या. लॅपटॉप त्या दिवशी उघडला गेला नाही, आणि नंतरही त्या कामासाठी उघडला गेला नाही. आज काम्पवेगवर लोणी तीन एकोणऐंशी आहे. खात्री करायची असेल तर ॲप पाहावं, ते अत्यंत अचूक आहे.

तो पत्ता आम्हाला माहीत आहे. इथे छापायला जागाही होती. पण सुजाण वाचकहो, तुमच्या फ्रीजपासून कित्येक हजार किलोमीटरवरचं हे लोणी. तुम्ही ते आणायला जाणार नाही, तरी मघाशी त्या बाई पुढे झुकल्या तेव्हा तुम्हीही थोडे पुढे झुकलात, हे आमच्या नजरेतून सुटलेलं नाही. समजा आम्ही सांगितला असता. शेजारच्या वहिनींना तुम्ही भाव कळवला असता, यात शंका नाही. त्यांनी पुढे विचारलं असतं, कुठे मिळतं हो. त्या वेळी तुमचा हात कुठल्या दिशेला गेला असता, ते एकदा घरात कुणी नसताना, आरशासमोर करून बघावं.